खेमाचं तोंड

“मिस्त्री, मिशी जराशी वर पाह्यजे. पप्पांचा रुबाब दिसला पाह्यजे,” मोबाइलवर पुतळ्याचा व्हिडिओ काढता काढता विश्वजीत म्हणाला.

जळबाने पुट्टीचा गोळा मळून मिशीची टोकं वर वळवली. पाच वर्षं औरंगाबादला शिल्पकला शिकलेल्या माणसाला डोंगरकडा गावचा हा उपसरपंच मिस्त्री म्हणत होता, आणि जळबाला त्याचं काही वाटत नव्हतं. राग यायलासुद्धा समोरचा माणूस तेवढ्या लायकीचा लागतो. बाप जिवंत असताना याने त्याच्याजवळ दहा मिनिटं बसून काढली नसतील, आणि आता शेताच्या बांधावर चौथरा बांधून त्याला कोटात बसवायला निघाला होता. त्या बापाने, किशनरावांनी, जन्मात कधी कोट घातला होता का, हे जळबाने विचारलं नव्हतं. सगळ्यांचेच बाप कोटात असत.

आणि सगळ्यांच्या बापांचं तोंडही एकच असे.

कनेरगाव नाक्यावरच्या त्याच्या शेडमध्ये बारा वर्षं एकच साचा होता. फायबर ओतायचं, मिशी, फेटा, चष्मा तेवढा बदलायचा, वरून तांब्याचा रंग मारायचा. फोटो शेजारी धरून कुणी पाहत नसे. पोरं सरळ पाया पडायला वाकत. अर्धपुतळ्याला पाय नसतात, हेही त्यांच्या ध्यानात येत नसे.

सुरुवात अशी नव्हती. लहानपणी पोळ्याला त्याने केलेले मातीचे बैल आता चालू लागतील असं वाटायचं. कॉलेजात शेवटच्या वर्षी त्याने तिथल्या पहारेकऱ्याचा, खेमाचा, अर्धपुतळा केला आणि बक्षीस मिळवलं. गावाकडे आल्यावर एकेका चेहऱ्यावर तीन-तीन महिने घालवले. लोक म्हणत, नाक सरळ करा, वय कमी करा. मग शाळांच्या बागेत सिमेंटचे जिराफ झाले, ढाब्यांच्या दारात हात जोडलेले फेटेवाले झाले. शेवटी एके दिवशी त्याने माळ्यावरचा खेमा खाली काढला आणि त्याच्यावरून साचा घेतला. आज अकरा गावांत खेमा कुणाचा ना कुणाचा बाप म्हणून हार घालून बसला होता. रात्रीच्या पाळीला उभा राहणारा गरीब माणूस, आणि त्याच्यासमोर पाटील वाकत होते. पहिल्या दोन-तीन वेळा जळबाला याचं हसू आलं होतं. पुढे तेही येईना.

विश्वजीतचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत रस्त्याकडे गेला. टेम्पोतून उतरलेली त्याची आई, पार्वतीबाई, शेडमध्ये आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती पुतळ्यासमोर उभी राहिली आणि त्याचं तोंड निरखू लागली.

“हे आमचे न्हाईत,” ती म्हणाली.

आली नाकवाली, जळबाच्या मनात आलं. “काय बदलायचं मावशी? नाक का?”

“नाकाचं न्हाई. दुसरंच माणूस हाय हे.”

बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी पाहिलं होतं. जळबाला लाज वाटली, आणि त्या लाजेमागोमाग त्याचे हात शिवशिवले. त्याने कोपऱ्यातल्या शाडूवरचं गोणपाट काढलं, पाणी मारलं आणि गोळा पाटावर घेतला.

“फोटोत समदं दिसत न्हाई, कसे दिसत व्हते सांगा. मी नव्यानं करून देतो.”

ती गोळ्याकडे पाहत राहिली. “टाचंला भेगा व्हत्या. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.”

“पायाचं नको मावशी. तोंडाचं सांगा.”

“ते कुठं पाह्यलं, दादा? वर पाह्यलं की हात उठायचा त्यांचा. चाळीस वर्सं खाली पाहूनच निघाली.” भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं.

“मग हे ते न्हाईत, हे कसं कळलं?”

“ह्याच्याकडं पाहून भ्याव न्हाई वाटून राहिलं.”

तिने विचारलं, “कोन हाय हा?”

“कालेजातला पहारेकरी. खेमा. हे करताना रोज दोन तास माझ्यासमोर बसायचा. मी उपाशी हाय हे त्याला बराबर कळायचं. डब्यातली अर्धी भाकर माझ्याकडं सरकवायचा.”

“मंग ह्यालाच द्या. पोराला सांगू नका.”

“पन मावशी, मी खरा चेहरा करतो ना. गावात कुनाला तरी विचारून...”

“तुमाला काहून पाह्यजे तो?” ती म्हणाली.

जळबाने गोळा परत शाडूत ठेवला. वरून गोणपाट ओढलं.

विश्वजीत परत आला. “आई, पप्पा जमले का?”

“व्हय.”

दोघांनी पुतळा उचलून टेम्पोत चढवला आणि दोरीने आवळला. विश्वजीत म्हणाला, “आई, पुढं बस. मागं धूळ हाय.” तिने ऐकलं नाही. ती मागेच चढली आणि पुतळ्याच्या समोर मांडी घालून बसली.

टेम्पो हिंगोलीच्या रस्त्याला लागला. वाऱ्याने तिचा पदर खांद्यावर पडला. तिने तो सावरला नाही. मान वर करून ती त्या तोंडाकडे पाहत होती.