गोड बिघाड

सूरसाहेबांना या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. विभागप्रमुख तीन महिन्यांत निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे उरणार होती काचेची केबिन, उंच पाठीची खुर्ची आणि दारावरची पाटी. वर एक वरकड लाभ: ‘अजून उपप्रमुखच का?’ असं दर भेटीत विचारणाऱ्या साडूचं तोंड बंद. खर्चाच्या बाजूला साहेबांनी काहीच मांडलं नव्हतं. तो रकाना त्यांना दिसतच नसे.

कारखाना बेकऱ्यांच्या मोठ्या भट्ट्या बनवी. भट्टीच्या धगीत माहिती दाखवणारे स्क्रीन टिकत नसत, म्हणून आतल्या छोट्या संगणकाला वाचा दिली होती. काही बिघडलं की दाराच्या चौकटीतल्या स्पीकरमधून तो पाच सेकंद सूर काढी. मोबाइल जवळ धरला की त्यातलं ॲप सूर ओळखून लिही: पंखा बंद, तापमापक खराब, दार उघडं. चौतीस बिघाड, चौतीस निरनिराळे सूर. हे सगळं बसवलं होतं चाचणी विभागातल्या इंजिनिअर बाईंनी. साहेबांनी त्यात एकच काम केलं होतं, सादरीकरणाच्या पहिल्या पानावर आपलं नाव घातलं होतं. त्यावरून लोक त्यांना मागून सूरसाहेब म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना ते कौतुकच वाटलं असतं.

पण ते सूर काही साहेबांना रुचेनात.

“काय हे बाई, टिटवी ओरडल्यासारखं. मालक काय म्हणतील?”

“बिघाड आहे तो, साहेब. कानाला खुपायलाच हवा. आणि सूर मुद्दाम लांब लांब ठेवलेत. जवळ आणले तर मोबाइलला कुठला कोणता ते कळणार नाही.”

“तुम्हाला गणिताचा कान आहे. गाण्याचा नाही.”

गाण्याचा कान साहेबांच्या मेहुण्याला होता. तो समारंभांत कीबोर्ड वाजवी आणि एरवी ताईकडे जेवी. त्याने चौतीसही सूर ऐकले, नाक मुरडलं आणि दाराचा तेवढा ठेवला. “दाजी, हा एकच ऐकण्यासारखा आहे,” म्हणत बाकीचे त्याने ओढूनताणून त्याच्या शेजारी आणून बसवले. बाईंनी लेखी कळवलं, की आता दहातले नऊ बिघाड मोबाइलला दारासारखेच ऐकू येतात. साहेबांनी त्या कागदावर ‘पाहिले’ असा शेरा मारला आणि तो न पाहता फाइलला लावला.

मालकांसमोर प्रयोग झाला. साहेबांनी ऐटीत भट्टीचं दार उघडलं. भट्टी गायली, मोबाइलने लिहिलं, ‘दार उघडं.’ मालक डोळे मिटून म्हणाले, “वा, बिघाड असावा तर असा.” खुर्ची हातभर जवळ आली.

मग भट्ट्या बेकऱ्यांत गेल्या. एका बेकरीवाल्या काकू रोज सकाळी शाळेला पाव पुरवत. त्यांच्या भट्टीचा पंखा अडकला. अर्धे पाव कोळसा, अर्धे कच्चे. त्यांनी फोन लावला, तो साहेबांनीच घेतला.

“पंखा फिरत नाहीये हो.”

“ॲप काय म्हणतंय, काकू?”

“दार उघडं म्हणतंय.”

“मग लावा की.”

“दाराला पाठ लावून उभी आहे मी. आता इथेच संसार मांडू का?”

“नीट लावा,” साहेब म्हणाले आणि तक्रार ‘दार’ या सदरात निकाली काढली. ॲपने लिहिल्याशिवाय तक्रार नोंदवायची नाही, हा नियम त्यांचाच होता. पंखा शेवटी काकूंनी पदरचे पैसे मोजून बाहेरच्या माणसाकडून सोडवून घेतला.

महिनाअखेर दोनशे बारा तक्रारी, त्यातल्या एकशे नव्वद दाराच्या. शहाण्या माणसाने अशा वेळी कानाला हात लावला असता. साहेबांनी दाराला लावला. आपल्या भट्ट्यांची दारंच भिकार आहेत, हा शोध त्यांनी मालकांना कळवला आणि सगळ्या बेकऱ्यांत दारांना जाड रबरी पट्टी बसवायचा हुकूम सोडला. पट्टी चौकटीभर फिरली आणि स्पीकरच्या भोकांवर घट्ट बसली.

“साहेब, आवाज बाहेर येणार नाही,” बाई म्हणाल्या.

“बाई, दार बिघडणारच नाही, तर आवाज हवा कशाला?”

पुढच्या महिन्यात तक्रारी शून्य. ॲपला काही ऐकू येईना, म्हणून ते काही लिहीना. ते लिहीना, म्हणून कोणाचं काही नोंदवलं जाईना. मालकांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

पाटी लागली त्याच सकाळी काकूंचा पंखा पुन्हा अडकला. भट्टी रबराच्या आत गुणगुणली आणि गप्प झाली. काकूंना कळलं ते धुराने. दार उघडायला गेल्या आणि कोपरापर्यंत भाजल्या. शाळेने त्या दिवशी वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी दुसरी बेकरी पाहिली.

तर हिशेब असा. साहेबांना केबिन, खुर्ची, पाटी. मेहुण्याला ताईकडे जेवणाबरोबर आता मान. बाईंची बदली पट्टी विभागात. साडू काही गप्प बसला नाही. तो आता ‘अजून विभागप्रमुखच का?’ म्हणतो. आणि भरलं ते काकूंनी: शाळेचं काम, उजवा हात, आणि रबरी पट्टीचं बिल. ते मात्र तिसऱ्याच दिवशी, न चुकता पोचलं.