जोडीची परिक्रमा

आम्हा दोघांच्या कैलासयात्रेची फाईल मी तयार केली. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या खर्ड्यात आता ते कुणाला आठवत नाही. पासपोर्टासाठी नगरच्या पोस्टात दोनदा हेलपाटे मी घातले. पडताळणीला आलेल्या हवालदाराला चहा मी पाजला आणि "या वयात चीनला कशाला, बाई?" या प्रश्नाला उत्तरही मीच दिलं. आमचे सूर्यभानराव निवृत्त हेडमास्तर. त्यांनी फक्त सह्या केल्या, मी पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या होत्या तिथं.

तीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं भरली, त्यामुळं फॉर्मला मी भीत नाही. नेपाळमार्गे नेणाऱ्या एका यात्रा कंपनीकडून कागद मागवले. देव आपला असला तरी डोंगर चीनच्या ताब्यात, म्हणजे तिथं आपण परदेशी. व्हिसासुद्धा एकेकट्याचा नाही, अख्ख्या गटाचा एकाच कागदावर. काठमांडू, मग सरहद्द, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वाटेत मुक्काम, मानसरोवर, दारचेन गाव, यमद्वार आणि तिथून तीन दिवसांची पायी परिक्रमा. मधल्या दिवशी डोल्मा खिंड, साडेअठरा हजार फूट. कुठं दम लागतो, कुठं घोडेवाला खाली उतरायला लावतो, सगळं व्हिडिओ बघून बघून वहीत उतरवलं होतं.

रोज सकाळी मी किल्ल्याला फेऱ्या मारायचे. पाठीवरच्या पिशवीत सात किलो ज्वारी. बायका हसायच्या, "दळणाला निघाल्या का काय?" म्हणायच्या. आमचे हे तेव्हा पारावर पेपर वाचत बसलेले असायचे. चाला म्हटलं की म्हणायचे, "माझी सवय जुनीच हाय." जुनी म्हणजे किती जुनी, ते मी विचारलं नाही.

मला तिथं का जायचं होतं, याचं देवाधर्माचं उत्तर माझ्यापाशी नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली. या चौतीस वर्षांत मला हाक ऐकू येणार नाही एवढ्या लांब मी कधी गेले नव्हते. पाणी दे, चष्मा कुठंय, दूध उतू चाललंय. खिंडीत म्हणे वाऱ्यापुढं शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मला ते हवं होतं. पाप म्हणा की पुण्य.

निघायला तीन आठवडे होते तेव्हा आत्याबाई न्हाणीत घसरल्या. मनकर्णाबाई, माझ्या सासूबाई, वय ब्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं, नगरला ऑपरेशन झालं आणि त्या खाटेला खिळल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग पुसायचं, कपडे बदलायचे. नणंद पंकजा कर्जतला असते. "सोळा दिवसांचा तर प्रश्न, मी येते," असं ती आधी म्हणाली. आठ दिवस उरले तेव्हा तिचा फोन आला, लेकीला बाळंतपणाला आणलंय, जमायचं नाही. तिचंही खोटं नव्हतं. खोटं कुणाचंच नव्हतं, तिथंच तर सगळं अडलं होतं.

"मग तुम्ही थांबा," मी ह्यांना म्हणाले. अगदी सरळ म्हणाले. "फाईल माझी, तयारी माझी. मी जाते."

हे काही बोलायच्या आत आतून आत्याबाईंचा आवाज आला. "मला पोटच्या पोरानं धुवायचं? त्यापरीस मरन बरं."

पैसे टाकून बाई ठेवू म्हटलं, तर तेही त्यांना चालेना. परक्या बाईनं अंगाला हात लावलेला त्यांना सोसत नव्हता. मग दोघांनीही राहायचं, असं मी म्हणाले. त्यावर आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "चौकात फलक लागलाय, पुष्पा. सगळ्या गावानं शुभेच्छा दिल्यात. एकानं तरी गेलं पाहिजे." एकानं म्हणजे कुणी, हे कुणीच बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

त्यावर तोडगा पण निघाला. पूजेला बायको हजर नसली की पुरुष कमरेला सुपारी खोचतो आणि बायको शेजारी बसली आहे असं धरून पूजा होते. आमच्यात सत्यनारायणाला, वास्तुशांतीला हे चालतंच. ह्यांनी बाजारातून चांगली टणक सुपारी आणली, हळदकुंकू लावलं आणि मला दाखवली. "ही तू. कैलासाला तुझी बी परिक्रमा व्हईल. पुण्य निम्मं निम्मं."

"सुपारीला गुडघे नसतात हे एक बरं," मी म्हणाले. ते हसले. मी हसले नव्हते.

निघायच्या दिवशी एस.टी. स्टँडवर निम्मं गाव. हार, नारळ, यात्रेकरूचे पाय धरायला रांग. मीही पाय धरले, कारण सगळे माझ्याकडं बघत होते. मग घरी येऊन आत्याबाईंची चादर बदलली.

पुढचे दिवस मी वही घेऊन जगले. आज सरहद्द ओलांडली असेल, आज सरोवरात अंघोळ. आत्याबाईंना भरवताना मी मनानं तिकडं असायचे आणि घास त्यांच्या हनुवटीला लागायचा. त्या पदरानं पुसून घ्यायच्या. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या कंबरेच्या जखमा पुसताना त्या रागाची लाजही वाटत होती. दोन्ही एकदमच.

परिक्रमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी त्यांचं अंग पुसत असताना फोन वाजला. कुठल्याशा परक्या नंबरावरून हे बोलत होते. त्या वेळी ते खिंडीत असायला हवे होते, तिथून फोन कसा लागला ते मला कळेना.

"मी दारचेनातच हाय," हे म्हणाले. "हॉटेलात. काल यमद्वारापासून पाऊन तास चाललो, छाती भरून आली. गाईडनं माघारी धाडलं. बाकीचे गेले, उद्या येतील."

"तब्येत?"

"आता बरी हाय. अगं, पन हे गावात सांगू नको. फलक लागलाय."

मी फोन ठेवला. ओला टॉवेल हातात होता, तो पिळला आणि आत्याबाईंची पाठ पुसली. मी त्या खिंडीत चढले असते. ज्वारीच्या पिशवीसकट चढले असते. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि ते ठाऊक असण्याचा काहीएक उपयोग नव्हता.

हे परतले. रिवाजाप्रमाणं यात्रेचं मावंदं घातलं. पुरणपोळ्या, आमटी, सरोवराचं पाणी थेंब थेंब सगळ्यांच्या हातावर. ती सुपारी ह्यांनी चार माणसांदेखत देव्हाऱ्यात ठेवली. जेवणं झाल्यावर माणसं ओसरीवर टेकली आणि शेजारच्या विजयमालाबाई म्हणाल्या, "गुरुजी, खिंडीचं सांगा की. लई अवघड आसती म्हनं."

हे म्हणाले, "अवघड हाय. लई अवघड." मग थांबले. पाण्याचा घोट घेतला. माझ्याकडं बघितलं. पस्तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस, पण तेव्हा त्यांची नजर पाटी कोरी असलेल्या पोराची होती.

मी गप्प बसले असते तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. मला ते हवं होतं का? हो, क्षणभर हवं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "मला फोनवर सांगितलंय सगळं," मी म्हणाले आणि सुरुवात केली. यमद्वारापासून नदीच्या काठाकाठानं वाट कशी जाते. पहिल्या मुक्कामावरून कैलासाचं उत्तरेचं तोंड कसं समोर येतं. दुसऱ्या दिवशी अंधारातच निघायचं, वीस पावलं टाकायची आणि थांबायचं, वीस टाकायची आणि थांबायचं. खिंडीत रंगीत पताका वाऱ्यानं फडफडत असतात, तिथं दहा मिनिटांवर कुणाला बसू देत नाहीत. पलीकडं खाली हिरवंगार गौरीकुंड. उतरताना गुडघे कसे लटपटतात, तेही सांगितलं. सगळे कान देऊन ऐकत होते. मीसुद्धा ऐकत होते.

विजयमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "तुमी न जाता गेलाव की वो! सुपारी पावली. जोडीनं झालं तुमचं, आता पुन्यांदा जायाचं काम न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांनीही. तेव्हा मला कळलं की मी स्वतःच्या हातानं दार लावून घेतलंय. आता पुढच्या वर्षी मी कैलासाचं नाव काढलं, तर लोक विचारणार, झालेली यात्रा परत कशाला? आणि खरं काय ते सांगायला जावं, तर ह्यांना उघडं पाडावं लागणार आणि सोबत स्वतःलाही.

आतून आत्याबाईंनी हाक मारली. कूस बदलायची वेळ झाली होती. मी उठून आत गेले, दार लोटलं. त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. खोली ओसरीला लागूनच, सगळं ऐकू येतं.

"सूर्यभान न्हाई ना गेला वर?" त्या म्हणाल्या. "त्याला मी वळखते. खरं आसलं की त्यो दुसऱ्याला बोलू देत न्हाई."

मी उशी सारखी केली.

"आन तू माझ्यापायी ऱ्हायलीस."

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक आहे. असं कुठं असतंय आत्याबाई, नशिबात नव्हतं, पुन्हा कधीतरी. बाहेर हसण्याचा आवाज येत होता, कुणीतरी ह्यांना पान देत होतं. त्या वाट बघत होत्या.

"व्हय," मी म्हणाले. "तुमच्यापायी."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या गळ्यात हात टाकला, रोज टाकतात तसा. मी त्यांना उचलून दुसऱ्या कुशीवर केलं.