माझा पाय निखळला तेव्हा

मी न्यू मेक्सिकोतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंग वर्गातला रुग्ण बोलतोय. रुग्ण म्हणजे प्लास्टिकचा पुतळा. आजार मला रोज नवा. सकाळी मधुमेह, दुपारी अर्धांगवायू. गुण मात्र कधीच आला नाही.

कारखान्यात माझे हातपाय स्क्रूने जोडले आणि खोक्यात घालून मला इथे धाडलं. पोरांनी नाव ठेवलं डॉन चेपे; डॉन म्हणजे तिथलं मानाचं 'राव'. कुणी माझी पाठ पुसताना गाणी म्हणायचं, कुणी हिरव्या मिरचीचा बरितो खाता खाता माझ्या पोटावर सांडायचं. तक्रार काहीच नव्हती. फक्त उजवा पाय खुब्यात जरा सैल झाला होता.

त्या वर्षी ओफेलिया बाका आली. पन्नाशीकडे झुकलेली बाई, शाळेची बस चालवायची. सकाळची मुलं पोचवली की तडक वर्गात. तिच्या आईला आजारपणात एका नर्सने शेवटपर्यंत हसवत ठेवलं होतं, तेव्हापासून हिने नर्स व्हायचं मनात घेतलेलं. हात कामसू, पण माझ्यापाशी आली की तोंडाला कुलूप! परीक्षेत तर रुग्णाशी बोलायचं, काय करतोय ते आधी सांगायचं, अशी सक्ती. पहिल्या खेपेला अवाक्षर न काढता तिने मला कुशीवर वळवलं. वर्गाच्या शिक्षिका तफोया बाईंनी नापास केलं. पुन्हा नापास झाली, तर शिक्षण तिथेच संपणार होतं.

"मावशी, बसमधल्या पोरांवर तर केवढ्यांदा ओरडता!" वर्गातला टारगट डेमेट्रियो म्हणाला.

"पोरं उलट उत्तर देतात रे. हा ठोंब्या नुसता छताकडे बघतो. याच्याशी बोलायचं म्हणजे वेड लागल्यासारखं वाटतं मला."

ठोंब्या! मला जरा लागलंच.

दुसऱ्या परीक्षेला तफोया बाई गुणांचा कागद घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. ओफेलियाचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तिने मला वळवायला घेतलं आणि माझा उजवा पाय खाडकन निखळून तिच्या हातात आला.

तिने पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डॉन चेपे, घाबरू नका हं," ती म्हणाली. "पाय माझ्याकडेच आहे, कुठे जात नाही तो. आता तुम्हाला हळूच उताणं करते. गार लागतंय? थांबा, पांघरूण घालते. मदतीला हाक मारलीय. कुणी येईपर्यंत मी इथेच आहे."

डेमेट्रियो पोट धरून हसत खाली बसला. तफोया बाईंनी तोंडापुढे कागद धरला, पण खांदे गदगदत होते. "दुखतंय का विचार त्यांना," त्या कशाबशा म्हणाल्या.

"विचारलं बाई. म्हणतात, तसाही या पायाने कधी नाचलो नव्हतो."

ओफेलिया पास झाली. बसमधला स्क्रू ड्रायव्हर आणून तिने स्वतः माझा स्क्रू आवळला. "मी ठोंब्या म्हणाले ते मनावर घेऊ नका," असं कानाशी पुटपुटलीही. आज ती एका वृद्धाश्रमात नर्स आहे.

कॉलेजात आता खोकणारा, कण्हणारा नवा पुतळा आलाय, आणि मला सरावासाठी अग्निशमन दलाला देऊन टाकलंय. इथले आडदांड जवान मला धुरातून ओढतात, खांद्यावर टाकून खिडकीतून उतरवतात. जन्मभर खाटेवर काढल्यावर एवढी भटकंती गंमतच वाटते. तर बाबांनो, उचला खुशाल, पण आधी मान सांभाळा. आणि खरोखरची आग लागेल त्या दिवशी मला मुळीच शोधू नका. आत कुणी श्वास घेणारं असेल, त्याला उचला.