आर्डिसची बोट आणि गॅरेजची मागची भिंत

माझ्या बहिणीनं, आर्डिसनं, बोट घेतली हे तिच्या नवऱ्याच्याही आधी मला कळलं. सप्टेंबरातली सकाळ होती. मी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभी होते, तेवढ्यात तिची जुनी पिकअप रस्त्याच्या वळणावर दिसली आणि तिच्यामागे ट्रेलरवर एक लांबलचक लाकडी बोट. मधाच्या रंगाची, उन्हात नुसती झळाळत होती. आर्डिसनं हॉर्न दिला, आणि तोही लांब. आमच्या गल्लीत कुणी हॉर्न वाजवत नाही. मी चपला घालायच्या विसरून बाहेर पळाले.

आम्हा बहिणींची घरं शेजारी शेजारी, आणि तळं चार पावलांवर. उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी राहायचं आणि घरात बोट नसायची, म्हणजे जरा चमत्कारिकच. पण आर्डिसकडे नव्हती. ती जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. उन्हाळ्यात लोक पाण्यावर जायचे, आणि ही काठावर बसून सगळ्यांच्या सहलीसाठी बटाटे सोलायची. दर वसंतात ती नवऱ्याकडे, व्हर्लिनकडे, बोटीचा विषय काढायची. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. व्हर्लिन वाईट माणूस नाही हो. लाकडाच्या वखारीत आयुष्य घालवलेला, मोजल्याशिवाय खिळा न ठोकणारा. पण त्याचं ‘पुढचं वर्ष’ काही उजाडलंच नाही. शेवटी पलीकडच्या काठावरच्या एका विधवा बाईनं लेकीकडे राहायला जाताना नवऱ्याची बोट विकायला काढली, आणि आर्डिस कुणालाही न विचारता ती घेऊन आली.

व्हर्लिनचं तोंड जे फुगलं ते फुगलंच. बोटीत पाऊल टाकायला तो तयार नव्हता. पाणी मला काठावरूनच बरं वाटतं, म्हणाला. आम्ही दोघी मात्र महिनाभर सुटलो होतो. काठावरची झाडं पिवळी झाली होती, पाणी काळंभोर, आणि आर्डिस सुकाणू धरून अशी बसायची की जणू जन्मतःच तिथे बसली होती. एकदा आम्ही दुसऱ्यांच्या धक्क्यावर जाऊन आदळलो आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

ऑक्टोबर संपत आला तशी सकाळी काठाशी काचेसारखा पातळ बर्फ दिसायला लागला. मग रेडिओवर सांगितलं, मोठं हिमवादळ येतंय, उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल. बोटी ठेवायच्या भाड्याच्या शेड तर केव्हाच भरून गेल्या होत्या. राहिलं घरचं गॅरेज. ते व्हर्लिननं स्वतःच्या हातांनी बांधलेलं, आणि त्याचा त्याला मुलाइतका अभिमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दारातच बोटीची थंडीची तयारी केली. इंजिनातलं पाणी काढलं, नाहीतर ते गोठून इंजिन फुटतं. मग न गोठणारं गुलाबी औषध आत सोडून इंजिन चालवलं. मागच्या नळीतून गुलाबी धार बाहेर आली आणि आम्ही दोघी लहान मुलींसारख्या टाळ्या पिटत नाचलो. बॅटरी काढली, उंदीर शिरू नयेत म्हणून नळीत तारेची घासणी कोंबली. पुढची काचही उतरवून ठेवली.

मग आर्डिस पिकअपमध्ये बसली आणि बोट मागे मागे घेत गॅरेजमध्ये घालू लागली. मी हातवारे करत होते. दाराच्या तुळईखालून बोट जेमतेम सरकली. आम्ही ट्रेलरच्या चाकांतली हवा कमी केली होती म्हणून. आत, आत, अजून आत, आणि धप्प. बोटीची मागची बाजू भिंतीला टेकली. पुढचं टोक आणि ट्रेलरचा दांडा अजून हातभर बाहेर. दार लागणं शक्यच नव्हतं.

आम्ही तिरकी लावून पाहिली. गवत कापायचं यंत्र, सायकली, लोणच्याच्या बरण्या, सगळं बाहेर काढलं. काही उपयोग नाही. आभाळ खाली उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, बाहेरच ठेवू, वर ताडपत्री टाकू. आर्डिस म्हणाली, हातभर बर्फ साचला की ताडपत्री बोटीवर बसेल आणि लाकूड चिरेल. मग ती बोटीत चढली आणि अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अडकलेल्या त्या बोटीत सुकाणू धरून बसली.

व्हर्लिन स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळपासून बघत होता. आता तो बाहेर आला.

“मला विचारलं का नाहीस?” तो म्हणाला.

“विचारलं की,” आर्डिस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तीस वर्षं विचारतेय.”

तो पाठ फिरवून घरात गेला. मला वाटलं, झालं, आता हिवाळाभर अबोला. मी आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवायला वर चढत होते, तोवर तो परत आला. कानावर पेन्सिल, एका हातात मोजपट्टी आणि दुसऱ्या हातात करवत.

“मागची बाजू पलंगाएवढी रुंद आहे,” तो म्हणाला. “पण नाक निमुळतं. हिला फिरवून नाकाकडून आत घाला. नाक भिंतीतून बाहेर काढू.”

“कुठल्या भिंतीतून?” मी विचारलं.

“माझ्या,” व्हर्लिन म्हणाला.

आर्डिस बोटीतून खाली उतरली ती जवळजवळ पडलीच. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, थट्टा करतोय का म्हणून. तो भिंतीवरची हत्यारं एकेक करून उतरवत होता.

मग काय धांदल उडाली. आर्डिसनं बोट पुन्हा बाहेर काढली. व्हर्लिननं आतून रेघा मारल्या, वरचा भार पेलायला आडवी जाड फळी ठोकली, आणि करवत सुरू केली. लाकडाचा भुसा त्याच्या भुवयांवर बसला. पहिली फट पडली आणि मागच्या अंगणातला करडा उजेड आत आला तेव्हा आर्डिस ओठ चावत उभी होती. मी शेजारच्या टॉइव्होला बोलवायला पळाले. त्याचा ट्रॅक्टर बिघडलेला, पण त्यानं सरळ चर्चमध्ये फोन लावला. तिथे तळघरात गाणाऱ्या बायका सरावाला जमल्या होत्या. त्या कोट चढवून तशाच आल्या, कुणाच्या हातात अजून गाण्याचे कागद.

आर्डिसनं ट्रेलरपासून पिकअप सोडवली. आम्ही सगळ्यांनी हातानं ट्रेलर फिरवला. दांडा आता गॅरेजकडे, म्हणून पिकअप लावता येणार नव्हती, हातानंच ढकलायचं होतं. तेवढ्यात पहिले कण पडायला लागले, बारीक आणि कोरडे. गॅरेजपुढचा चढ छोटाच, पण त्या बोटीला डोंगरासारखा.

टॉइव्होनं चाकामागे लाकडी ठोकळा धरला होता. “एकदा ढकलायचं, मग थांबायचं,” तो सांगत होता. “घाई केलीत तर मी चपटा होईन, आणि माझी बायको तुम्हाला सोडणार नाही.”

“ती आम्हाला केक पाठवेल,” गाणाऱ्यांपैकी एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या हसल्यामुळे ढकलायचं राहिलंच.

पण मग लय लागली. बायकांनी सूर धरला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आम्ही ढकलायचो. बोट चढली. आत शिरली. व्हर्लिन मागच्या अंगणातून ओरडून डावीकडे, उजवीकडे सांगत होता. मग त्याचा आवाज थांबला. मी धावत गॅरेजला वळसा घातला. भिंतीतून ट्रेलरच्या दांड्यासकट बोटीचं चकचकीत नाक बाहेर आलं होतं आणि त्यावर बर्फाचे कण पडत होते. व्हर्लिन हातमोजे काढून उघड्या तळव्यानं ते पुसत होता. पुढे गॅरेजचं दार धाडकन बंद झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकांचा जल्लोष.

पुढचं काम अंधार पडायच्या आत उरकायचं होतं. बर्फ आता दाट येत होता. व्हर्लिन फळ्या कापत होता, टॉइव्हो ठोकत होता, आर्डिस फटींत कापूस भरत होती. नाकाभोवती छप्पर असलेली एक पेटी उभी राहिली, मोठ्या कुत्र्याच्या घरासारखी. शेवटचा खिळा ठोकेपर्यंत आमच्या टोप्या पांढऱ्या झाल्या होत्या. मग सगळे माझ्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं शिरलो. मी बटाट्याचं सूप केलं, ते पुरलं नाही, तर पावाबरोबर लोणी खाल्लं. आर्डिसचे गाल लालभडक झाले होते आणि ती एकेकीला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू त्या तिथे नव्हत्याच.

हिवाळाभर गावातली माणसं वाट वाकडी करून ती पेटी बघायला यायची. मी फेब्रुवारीत एका रविवारी मिठाचा डबा मागायला गेले. घरात कुणी नव्हतं. गॅरेजमध्ये दिवा दिसला. दोघं बोटीत बसली होती, गुडघ्यांवर घोंगडी, हातात गरम जेवणाचे वाडगे. आर्डिस सुकाणूपाशी. व्हर्लिन तिच्या शेजारी लोकरीची टोपी घालून, आणि त्याच्या मांडीवर तळ्याचा नकाशा.

“हा दांडा ओढला की काय होतं?” तो विचारत होता.

“वेग वाढतो.”

“किती?”

“तू घाबरशील तितका,” ती म्हणाली.

मी मीठ न घेताच परतले.

मेच्या सुरुवातीला तळ्यावरचा बर्फ फुटला. पाणी मोकळं झालं त्याच दिवशी त्यांनी बोट उतरवली. व्हर्लिननं पाण्यात तरंगायच्या जाकिटाचे पट्टे दोनदा तपासले, मग माझ्यासमोर तिसऱ्यांदा. बसताना त्यानं दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला. आर्डिसनं बोट धक्क्यापासून हळूहळू लांब नेली, त्याच्यासाठी अगदी संथ. वारा माझ्या दिशेनं होता, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं.

“एवढंच?” व्हर्लिन म्हणाला. “ओढ ना तो दांडा.”

तिनं ओढला. बोटीचं नाक वर उठलं, पाठीमागे पांढरा फेस उसळला, आणि त्याची टोपी उडून पाण्यात पडली. ती उचलायला दोघांपैकी कुणीच वळलं नाही. मी धक्क्यावर उभी राहून वेड्यासारखे हात हलवत होते.