डावखुरी कात्री

सोप्या कामाला लोक डाव्या हाताचा खेळ म्हणतात. त्यांना एकदा आमच्या दुकानात आणावं, उजवा हात पाठीशी बांधावा आणि पुढ्यात जाड लोकरी कापड टाकावं. पुन्हा म्हणायचे नाहीत.

आमचे हे कोट कापतात. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. दुकानात मीही तेच म्हणते. मी काजं-बटणं करते, धाकटे दीर मशीनवर बसतात. मागच्या थंडीत मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. कापड दाबून धरायला वजन म्हणून चालतो, एवढंच.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी रद्दीचा गठ्ठा मागितला आणि दुकानातली मोठी कात्री डाव्या हातात घेतली. रोज सकाळी चहा झाला की कागदाच्या पट्ट्या कापायच्या. ती कात्री उजव्या हातासाठी घडवलेली. डाव्यात धरून दाबली की पाती एकमेकींपासून फाकतात आणि कागद मध्येच दुमडतो. मग मास्तरांनी तोड काढली. अंगठा तळव्याकडे ओढायचा, बोटं बाहेर ढकलायची, म्हणजे पाती चिकटून चालतात. तोड सापडली, पण ती हाताच्या गळी उतरवायला महिने गेले. घरभर चुरा. केर काढता काढता मी करवादायचे, "अहो, पुरे की! उंदीरसुद्धा इतकं कुरतडत नाही." ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका सकाळी पट्टी वीतभर सरळ आली. पहिलीतल्या पोराने पाटी दाखवावी तशी त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "बरी आहे," मी म्हटलं. आतून नाचावंसं वाटत होतं, पण लाडावून ठेवायचं नव्हतं. पुढे कागदाच्या जागी जुन्या चादरी आल्या, चादरींच्या जागी अस्तर. न थांबता गोल वळण कापलं त्या दिवशी त्यांनी झटक्यानंतर पहिल्यांदा शीळ घातली. मला एक ॲप्रन कापून दिला. गळा जरा लंगडा होता, तरी तोच घालून मी कामाला बसायचे.

इकडे भावजींचा धीर सुटत चालला होता. जुनी गिऱ्हाइकं दारातूनच परत जात होती. शेवटी एका दुपारी ते मला म्हणाले, "वहिनी, दादावर माझा जीव आहे, तुला माहितेय. पण दुकानाला कापणारा हात लागतो. त्याने एक कोट कापून दाखवावा. जमला तर टेबल त्याचंच. नाही जमला तर मी बाहेरचा कटर ठेवतो, दादा घरी आराम करेल."

आराम! मास्तरांना घरी आराम म्हणजे जिवंतपणी भिंतीवरचा फोटो. मी काही बोलायच्या आत आतून मास्तरांचा आवाज आला, "कबूल."

कोट निघाला हेडबाईंचा. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, लेकीकडे थंड मुलखात राहायला निघाल्या होत्या. कापड त्यांच्या दिवंगत भावाने घेऊन ठेवलेलं, काळसर हिरवं, वजनदार. तसा दुसरा तुकडा शोधून मिळाला नसता. कापायच्या दिवशी बाई स्वतः आल्या आणि आरशाजवळच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. "मला बघायचंय," म्हणाल्या. झालं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मास्तरांनी खडूने रेघा आखल्या. हात स्थिर होता. मग त्यांनी कात्रीसाठी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी.

भावजी हसत पुढे आले आणि त्यांनी एक नवीकोरी कात्री दादाच्या पुढ्यात ठेवली. "डावखुऱ्यांसाठीची आहे. किती दुकानं पालथी घातली तेव्हा मिळाली. त्या जुन्या कात्रीशी किती झगडशील? ती मी धारवाल्याला दिली, उद्या येईल."

मला एकदम भरून आलं. मनातल्या मनात किती नावं ठेवली होती मी या माणसाला! मास्तरांनीही भावाचा खांदा दाबला आणि कात्री उचलली.

पहिल्याच दाबाला पाती फाकली. कापड मध्ये शिरलं, दुमडलं आणि चिरडल्यासारखं अडकलं. मास्तरांनी कात्री सोडवली. दुसऱ्यांदा तेच. आता काठाला एक वेडावाकडा ओरखडा पडला होता. शिवणीसाठी सोडलेल्या जागेतच होता, पण रेघेपासून फार लांब नव्हता.

"खराब आहे का कात्री?" भावजींचा चेहरा उतरला.

मास्तर स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. "कात्री बरोबर आहे. माझा हात उलटं शिकलाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाती चिकटवायला हाताला जे उलटं बळ लावायची सवय झाली होती, तेच बळ या कात्रीची पाती फाकवत होतं. महिनोन्महिने रोजची सकाळ घालवून जे कमावलं, ते आज आडवं आलं होतं. तेही भावाने जीव लावून आणलेल्या वस्तूमुळे. चिडायचं तरी कुणावर? मला तर चिडायलाही जागा उरली नव्हती. दुकानात बाकीच्या कात्र्या दोरे तोडायच्या. त्या लोकरीला दाद देत नसत. आणि बाई दोन-चार दिवसांत निघणार होत्या; आज कापलं नाही तर कोट वेळेत शिवून झाला नसता.

भावजींनी फोन हातात घेतला. "दादा, कापड वाया जाईल. एका कटरशी बोलून ठेवलंय, त्याला बोलावतो. त्याची कात्री आहे."

"भावजी, जरा थांबा ना!" मी ओरडलेच.

"बोलव," मास्तर शांतपणे म्हणाले. "तो येईपर्यंत मी जरा कागद कापतो."

आणि खरंच त्यांनी कापड बाजूला सारलं, वर्तमानपत्र पसरलं आणि गिऱ्हाइकासमोर, भावासमोर पट्ट्या कापायला लागले. पट्टी दुमडली. टाकून दिली. दुसरी दुमडली, तीही टाकली. स्वतःशीच पुटपुटत होते, "अंगठा सोड. ओढू नकोस. सोड." मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. ज्या माणसाने कापलेले कोट लोक लग्नानंतरही वर्षानुवर्षं मिरवत, तो नवशिक्यासारखा कागद कुरतडत होता, आणि हेडबाई टक लावून पाहत होत्या. पण ह्यांच्या कानाच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या नाहीत. लाज त्यांनी रद्दीबरोबर केव्हाच कापून टाकली असावी. हे मला इतके दिवस दिसलंच नव्हतं; मी पट्ट्या किती सरळ येतात तेवढंच बघत बसले होते.

"बाई, वेळ लागेल," मास्तर मान वर न करता म्हणाले.

"लागू दे," बाई म्हणाल्या. "पण माझं कापड वाया घालवू नका."

एक पट्टी अर्धी सरळ गेली. पुढची थोडी जास्त. मग एक कागद टोकापासून टोकापर्यंत सरकन कापला गेला. तो आवाज मी दहा दुकानांच्या गलक्यातही ओळखेन. त्यांनी अस्तराचा तुकडा घेतला, एक वळण कापलं, अजून एक कापलं. मग लोकरी कापड पुढे ओढलं, उजवा हात उचलून त्यावर ठेवला आणि सुरुवात केली.

पाठीचा भाग निम्मा कापून झाला तेव्हा बाहेर स्कूटर थांबली. कटर दारात आला, खांद्याला पिशवी. भावजी उठले नाहीत. मास्तरांचं तिकडे लक्षही नव्हतं. मान विचित्र वाकडी करून ते रेघ शोधत होते, कारण टेबल खिडकीशी उजव्या हाताने कापणाऱ्याच्या सोयीने लावलेलं होतं. डाव्या हाताची सावली नेमकी खडूवर पडत होती. खांद्याच्या वळणापाशी कात्री थांबली. माझ्या हातातली सुई बोटात गेली ते मला नंतर कळलं.

"सोड," मास्तर पुटपुटले, आणि कात्री वळली.

शेवटचा तुकडा सुटला तेव्हा बाईंनी उठून कडेवरून बोट फिरवलं. "बरंय," म्हणाल्या. शाळेतही कुणाला याहून जास्त दिलं नसेल.

मास्तर घामाने भिजून स्टुलावर टेकले. टेबलाभोवती एक फेरी मारून भावजींनी खिडकीकडे पाहिलं, दादाच्या डाव्या हाताकडे पाहिलं. कटरने घसा खाकरला. "मग... माझं काय काम होतं?"

"आलाच आहात तर जरा हात लावा," भावजी म्हणाले. "टेबल फिरवायचंय. आमच्या मास्तरांना उजेड दुसऱ्या बाजूने लागतो."

टेबल बापजन्मात हललेलं नव्हतं, लाकूड नुसतं करकरलं. मी माझ्या बाजूने जीव लावून ढकललं, आणि ढकलता ढकलता सगळ्यांदेखत हमसून रडले.