गूळ फोडायची तलवार

सुकदेव नारखेडे जळगावात ड्रॉइंग मास्तर होते आणि प्राचीन ग्रीक तलवारींच्या नकला जमवत होते. पहिली गोष्ट लोकांना कळायची, दुसरी कळायची नाही. "मराठ्यांच्या जमवा की मास्तर, त्या घरोघरी निघतील," असं कोणी म्हटलं की ते म्हणत, "म्हणूनच नको." तरुणपणी मुंबईला परीक्षेला गेले असताना एका पुस्तकात त्यांनी ग्रीक तलवारीचं चित्र पाहिलं होतं. मुठीजवळ निमुळतं, पुढे फुगून पुन्हा टोकाला येणारं, आंब्याच्या पानासारखं पातं. ते चित्र डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही.

पंधरा वर्षांत सात नकला झाल्या. फौजदारानं एकदा येऊन प्रत्येकीवरून अंगठा फिरवला, एकीलाही धार नाही याची खात्री केली आणि चहा पिऊन गेला. प्रत्येक तलवारीला मास्तर चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर लांबी, वजन, पात्याचा आकार आणि शेवटी निकाल असे: खरी, अर्धी खरी किंवा नापास. खाली 'पारख' म्हणून स्वतःचं नाव. पहिला नंबर जर्मनीहून मुंबईमार्गे आलेल्या एकतीस इंची तलवारीचा. तिच्यापुढे उभं राहिलं की मास्तरांना सहा फुटी वीर दिसत.

नापास एकच होती. ती धुळ्याच्या खाजा शिकलगारानं केलेली.

खाजाचं घराणं पिढ्यान् पिढ्या तलवारी घासणारं. दहा वर्षांचा दोस्ताना होता. चार वर्षांपूर्वी मास्तरांनी मुंबईत वहीत उतरवून आणलेल्या त्या चित्राची नक्कल काढून त्याला दिली. चित्राखाली मापाची बारीक रेघ होती. त्या रेघेनं मोजलं तर तलवार एकवीस इंच भरायची. एवढीशी तलवार वीराच्या हातात कशी असेल, असं म्हणून मास्तरांनी बाजूला पेन्सिलीनं 'तीस' लिहिलं. खाजानं सुतळी लावून रेघ मोजली आणि एकवीस इंची तलवार केली.

"लोखंड वाचवलंस," मास्तर भर दुकानात बोलले.

"रेघ तुमच्याच हातची, मास्तरसाब," खाजा म्हणाला. त्यानंतर दोघे बोलले नाहीत.

ती तलवार मास्तरांच्या पत्नी यशोदाबाईंनी स्वयंपाकघरात नेली. गुळाची ढेप फोडायला तिच्यासारखं काही नव्हतं. "एवढ्या पसाऱ्यात हीच एक कामाला आली," असं त्या पाहुण्यांना सांगत.

१९३१ सालचा पौष. धुळ्याच्या एका हायस्कुलानं प्रदर्शनासाठी तलवारी मागवल्या होत्या. शनिवारी पोचवायच्या होत्या. चिठ्ठ्यांसकट मांडणार होते, म्हणजे शेकडो पोरं आणि त्यांचे मास्तर नारखेड्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणार होते. मास्तरांनी खरी ग्रीक तलवार जन्मात पाहिलेली नव्हती. हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि आठवडाभर त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ते ओट्यावर पेंढा पसरून तलवारी पेटीत भरत होते. घरासमोर जिनिंगच्या कारखान्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. दारात बसून यशोदाबाई गूळ फोडत होत्या. रांगेतला एक गाडीवान जू सोडून पाणी मागायला आला आणि तांब्या हातात घेता घेता थबकला.

"वैनी, हे कुठून खंदून काहाडलं?"

"खणून कशाला? घरातलंच आहे."

"नाही वो. हे जमिनीतलं हाये. मी हातात धरेल हाये हे."

मास्तरांनी मान वर केली. माणूस पहूरचा होता, नाव झुलाल. पन्नाशीचा, बुटका, रुंद पंजाचा. पहिल्या महायुद्धात तो खच्चरांच्या पलटणीत होता आणि त्याला सलोनिकाला नेलं होतं.

मास्तरांच्या हातातला पेंढा गळून पडला. सलोनिका ग्रीसमध्येच होतं.

"काय धरलंस? नीट सांग."

"डोंगरात खंदक खंदत व्हतो. कुदळ फरशीले लागली. फरशी काहाडली तं खाली मानूस. नुसती हाडं. अन् कमरेपाशी हे." त्यानं गुळाने चिकटलेल्या तलवारीकडे बोट केलं. "म्या उचललं. तितक्यात साहेब धावत आला अन् रुमालात गुंडाळून घेऊन गेला. म्हने दोन हजार वर्साच्या वरचं हाये. माह्या हाती किती येळ व्हतं? खच्चर दहा पावलं चालंल, तितका येळ."

मास्तर सहजासहजी विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "डोळे बांधू का तुझे?"

"बांधा ना. बैल कुठी पयून चालले."

यशोदाबाई हसल्या. "बांधा हो, नाहीतर तुमचं समाधान व्हायचं नाही."

मास्तरांनी उपरणं बांधलं. आधी लांबी विचारली. झुलालनं उजवा हात कोपरात मुडपला, मधल्या बोटाच्या टोकापुढे डाव्या हाताची चार बोटं आडवी धरली. मास्तरांनी फूटपट्टी लावली. एकवीस इंच आणि एक सूत.

त्यांनी जर्मन तलवार हातात दिली. झुलालनं ती एकदाच तोलली. "हे मिरवायचं हाये. घोड्यावर नवरदेवाच्या हाती द्या." नाटक कंपनीकडून घेतलेली दिली. "हे तं पत्र्याचं." अशा सहा झाल्या. सातवी मास्तरांनी यशोदाबाईंच्या हातून काढून, पदरानं पुसायलाही न देता, त्याच्या पंज्यात ठेवली.

गाड्या पुढे सरकल्या, मागचा गाडीवान ओरडला, तरी झुलालनं ती खाली ठेवली नाही. त्याचा अंगठा मुठीवरून सरकत पात्याच्या अरुंद भागाशी गेला आणि तिथेच थांबला.

"हेच," तो हळू म्हणाला. "ती जरा हलकी व्हती."

मास्तरांना एकदम सुटल्यासारखं झालं. "हलकी होती ना? मग ही चूक!"

"मास्तर, माहा आजा ऐन उमेदीत पोतं उचलत व्हता. मेला तव्हा म्या एकल्यानं त्याले खाटीवरून उतरवला. मातीनं दोन हजार वर्सं खाल्ली तिले. जिती असंल तव्हा इतकीच असंल." मग त्यानं मूठ घट्ट आवळली. "तठीबी अशीच बसली व्हती हातात. तव्हाच मले समजलं, तो मानूस माह्याच येवढा व्हता."

मास्तर ओट्याच्या कडेला बसले. पंधरा वर्षं डोळ्यांपुढे असलेले सहा फुटी वीर एकेक करून खाली बसले. त्यांच्या जागी पहूरच्या कापूसवाल्याएवढा एक माणूस उभा राहिला. हातात कोपराएवढी तलवार. एवढ्याशा हत्यारानं लढायचं म्हणजे समोरच्याचा श्वास तोंडावर घ्यायचा. त्याचे डोळे बघत वार करायचा. असल्या धैर्याचं चित्र त्यांनी कधी मनातसुद्धा काढलं नव्हतं.

मग दुसरी गोष्ट आठवली आणि कान तापले. मापाची रेघ सोडून अंदाजानं चित्र काढणाऱ्या पोरांच्या बोटांवर ते रोज पट्टी मारत. रेघ त्यांनी स्वतः काढली होती. सोडलीही त्यांनीच. धरून राहिला तो खाजा.

झुलालनं उपरणं सोडलं, पाणी प्यायलं आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. "येतो वैनी, रांग गेली माही," म्हणत तो बैलांकडे गेला.

शनिवारी चाळीसगावला गाडी बदलून मास्तर धुळ्याला उतरले. पेटी हमालाबरोबर हायस्कुलाकडे पाठवली. एक तलवार मात्र उपरण्यात गुंडाळून काखेत ठेवली आणि खाजाच्या दुकानाची वाट धरली.

खाजा सहाणेच्या चाकावर कात्रीला धार लावत होता. त्यानं वर पाहिलं, चाक थांबवलं नाही. मास्तरांनी उपरणं उलगडलं. खाजानं पात्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"गूळ?"

"चार वर्षं," मास्तर म्हणाले.

"अच्छा. म्हणजे माझी तलवार घरात गोड बोलत होती, तुम्ही मात्र बाहेर कडू बोललात."

मास्तरांनी उभ्यानंच, एक शब्द न गाळता, झुलालचं सगळं सांगितलं. खंदक सांगितला, फरशी, कोपराचं माप, आज्याचं वजन. सांगता सांगता कधीतरी चाक थांबलं होतं. "रेघ माझीच होती, खाजाभाई," मास्तर शेवटी म्हणाले. "लोखंडाचं जे बोललो, ते याच दुकानात परत घेतो. बाजूच्या दुकानदारांना बोलाव, त्यांच्यासमोर घेतो."

"त्यांना कशाला? त्यांना तेव्हाच ठाऊक होतं," खाजा म्हणाला. त्याचं लक्ष तलवारीवर होतं. "त्यानं धरली कुठे?"

मास्तरांनी दाखवलं. खाजानं हात कपड्याला पुसले आणि तिथेच मूठ धरली. बराच वेळ तो नुसता धरून बसला.

मास्तरांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि त्याच्याच दुकानाच्या फळीवर ठेवून लिहिली. नंबर पहिला. लांबी एकवीस इंच. कारागीर खाजा शिकलगार, धुळे. निकाल: खरी. 'पारख' या शब्दापुढे त्यांचा हात सवयीनं स्वतःच्या नावाकडे वळला, थांबला. मग त्यांनी लिहिलं: झुलाल, पहूर.

"आता दे," ते म्हणाले. "हायस्कुलात वाट बघत असतील."

"बसा मास्तरसाब," खाजा म्हणाला. "जरा आणखी धरू द्या."