पट्टी न टेकलेली जागा

"वळसंग शिवारातील एका बिंदूची उंची चुकली, कारण खलाशी गुरुसिद्धप्पा याने मोजणीची पट्टी ओळंब्यात धरली नाही." चौकशी समितीच्या अधिकाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचून दाखवले आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. भूमितीच्या दृष्टीने खोटे. पट्टी कलली, की दुर्बिणीतून दिसणारा आकडा वाढतो. आकडा वाढला, की हिशेबात जमीन खाली जाते. इथे नकाशातली जमीन प्रत्यक्षाहून तीन मीटर वर आली होती. त्या तीन मीटरांच्या भरवशावर पाझर तलावाचा बांध उचलला गेला. १९७८च्या पावसाळ्यात तलाव पहिल्यांदा भरला, तेव्हा ज्या पाच घरांना पाणी शिवणार नव्हते, ती आढ्यापर्यंत बुडाली. मल्लव्वा नावाची एकटी म्हातारी त्यात गेली.

नकाशाची पद्धत आधुनिक होती. दर शंभर मीटरवर एक उंची टिपायची, आकडे पुण्याला पाठवायचे. तिथे ते भोकांच्या कार्डांवर चढत आणि गणकयंत्र मधली सगळी जमीन स्वतः कल्पून समोच्च रेषा काढी. यंत्राने वळसंग कधी पाहिले नव्हते. त्याची ही सबब मान्य करण्याजोगी होती. वादातला आकडा मात्र शेजारच्या चार आकड्यांची दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक सरासरी होता. जमीन इतकी आज्ञाधारक असल्याचे समितीतल्या कोणालाही आश्चर्य वाटले नाही.

गुरुसिद्धप्पाचा हुद्दा खलाशी. समुद्र त्याने पाहिला नव्हता. बावीस वर्षे त्याने उन्हात पट्टी धरली. मोजणीच्या दिवशी दुर्बिणीपाशी बसून वहीत आकडे लिहिणारे मोजणीदार मानसिंगराव व्हरांड्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सही करून टाक. ताकीद मिळेल, नोकरी राहील. दोनच वर्षं तर उरलीत."

"रावसाहेब, पट्टी कलली तर जमीन खाली जाती. ही तर वर आलीया."

"लई शिकलास की. उद्यापासनं दुर्बीण तू बघ, मी पट्टी धरतो."

"तुमास्नी न्हाय जमायचं. दिवसभर सरळ उभं ऱ्हावं लागतं."

शिपाई कोंडीबा हसला आणि लगेच फायलींकडे वळला.

भवानी पेठेतल्या खोलीत त्याची बायको कमलम्मा ज्वारी निवडत होती. सारे ऐकून तिने सूप खाली ठेवले. "आवं, एक सही. कोन वाचतंय ती?"

"माजी पट्टी कदी कलली न्हाय."

"मग तसं सांगा, आन बसा घरी. पट्टी कुटं भाकर घालनार हाय?"

"खोटं हाय ते."

"ती म्हातारी येती व्हय परत, तुमी खरं बोलून?"

तो जेवला नाही, हे तिने पाहिले आणि ताट झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्याने तयार कागद परत दिला आणि आपली जबानी लिहून घ्यायला सांगितले. त्या जबानीने त्याची नोकरी गेली. मानसिंगरावांची बदली झाली, बढतीसह. अहवालाच्या मूळ निष्कर्षात समितीला फेरफार करावासा वाटला नाही. मात्र तिने दाखवलेली प्रामाणिकता नोंदवलीच पाहिजे: जबानी तिने परिशिष्टात एक अक्षरही न बदलता जोडली. ती अशी:

"पट्टी मी वाकडी धरली न्हाय. तितं धरलीच न्हाय. उतारावर बाबळीचं काटं लई हुतं. रावसाहेब म्हनले, जाऊ नगं, मी आकडा बसवतो. त्यांनी आकडा बसवला, तवर मी पायवाटंनं खाली उतरून मल्लव्वाकडनं त्यांच्यासाटी पान्याची कळशी आनली. वर चढताना मला दम लागला. जागा किती खोल हाय, ते माज्या पायांस्नी ठावं हुतं. मी बोललो न्हाय. तेवढा गुन्हा माज्या नावावर लिवा."